कात्रीला जागा

चौदाव्या मजल्यावरून लिफ्ट खाली निघाली तेव्हा गिल योंगरानच्या दोन्ही हातांत कचरा होता. उजव्या हातात प्लॅस्टिकचा, डाव्या हातात कागदाचा. गुरुवार हा त्यांच्या इमारतीत वेगवेगळा केलेला कचरा खाली नेऊन ठेवायचा दिवस, आणि तो नेतानासुद्धा ती अशी ताठ उभी राहायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई पदवीदानाला निघाल्या आहेत. अकराव्या मजल्यावर दार उघडलं आणि बाबागाडीत कुत्रं बसवून हिंडवणारी ती नेहमीची शेजारीण आत आली. बटणांच्या वर एक छोटा पडदा होता. त्याला आवाज नव्हता. केस उगवून देणाऱ्या डॉक्टरची जाहिरात, आज हवेत किती धूळ आहे त्याचा आकडा, मग दोन-तीन बातम्या, पुन्हा डॉक्टर. योंगरानची नजर सवयीने तिकडे गेली आणि तिला स्वतःचाच चेहरा दिसला. गळ्यात तो राखी स्कार्फ, वाऱ्याने कपाळावर आलेले केस, आणि तोंड हलतंय. खाली पिवळ्या अक्षरांत ओळ होती : ‘मुलांच्या ताटाला ओलीस धरणं कुणालाच शोभत नाही.’ त्याखाली बारीक अक्षरांत : ‘गिल, वय ५२, नागरिक.’ तिने मनातल्या मनात सेकंद मोजले, कारण बावीस वर्षं ती तेच करत आली होती. पावणेचार. पुढच्या चित्रात शाळेतली मुलं प्लॅस्टिक फाडून कोरडा पाव खात होती.

“अगंबाई, तुम्हीच ना ह्या!” शेजारीण ओरडली. कुत्रंही दचकलं. “किती छान दिसताय! आणि बोललातही अगदी मनातलं. संप करायचाय तर करा म्हणावं, पण लेकरांचा भात कशाला बंद करता? आमच्या नातवाने काल दूध-पावावर दिवस काढला.” योंगरान म्हणाली, “हो ना.” एवढंच. हो ना! बावीस वर्षांचा अभ्यास, दोन पुस्तकं, परिषदेचं मानचिन्ह, आणि तोंडातून निघालं काय, तर हो ना. तळमजल्यावर शेजारीण उतरली आणि योंगरान दोन पिशव्या घेऊन तशीच तळघरातल्या गाड्यांपर्यंत खाली गेली, मग पुन्हा वर आली. तोवर डॉक्टरचे केस उगवून झाले होते आणि पुन्हा तिचं तोंड हलत होतं.

आता हे नीट सांगायला हवं, की योंगरान कुणी ऐरीगैरी नव्हती. प्रसारमाध्यमं समाजात काय करतात, हा तिचा विषय. आणि त्यातही तिची स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे रस्त्यावरचा नागरिक; बातमीच्या मध्ये जो चार शब्द बोलून जातो आणि ज्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या नागरिकाला एके काळी अकरा सेकंद मिळत आणि आता चारसुद्धा मिळत नाहीत, हे तिने हजारो बातम्या हाताने मोजून सिद्ध केलं होतं. कात्री कशी चालते, कुठे चालते, कुणाच्या बाजूने चालते. विद्यार्थी तिला पाठीमागे ‘कात्रीबाई’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. देशात हा विषय कुणाचा असं विचारलं तर तिचंच नाव निघायचं. त्यामुळे काल संध्याकाळी विद्यापीठाच्या फाटकाबाहेर टाच सोललेली एक पोरगेली वार्ताहर माईक घेऊन पुढे आली आणि म्हणाली, “मॅडम, शाळांमधल्या स्वयंपाकिणींच्या संपाबद्दल दोन शब्द?”, तेव्हा योंगरानच्या पोटात जे झालं त्याला आनंद याशिवाय दुसरा शब्द नाही. बावीस वर्षांत तिला रस्त्यात कुणी कधीच थांबवलं नव्हतं. वर्गात ती हसून सांगायची, मी माझ्याच नमुन्यात कधी आले नाही. काल आली होती. तिने आपण प्राध्यापक असल्याचं सांगितलं नाही. फोनवर स्वतःचं ध्वनिमुद्रण सुरू केलं, ते खिशात टाकलं, आणि बोलली. दोन मिनिटांना थोडं कमी.

विद्यापीठात तिच्या खोलीसमोर बोमी उभी होती. बोमी तिची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, चौतिशीची, एका पहिलीतल्या मुलीची आई, आणि रागावली की कान लाल होणारी. आत्ता ते लाल होते. “मॅडम, काल रात्रीच बघितलं मी. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. हे सरळ सरळ विपर्यासात मोडतं. आपण तक्रार टाकू. तुमच्याकडे ध्वनिमुद्रण असणारच, तुम्ही काय ते केल्याशिवाय बोलणार आहात?” योंगरानने फोन काढून टेबलावर ठेवला. “आहे ना.” “मग झालंच! संपूर्ण एक मिनिट एकावन्न सेकंद विरुद्ध पावणेचार. अहो, तुमच्या तिसऱ्या प्रकरणातलं उदाहरण आहे हे. खुद्द लेखिकाच पुरावा!” बोमीचा चेहरा असा फुलला होता की योंगरानलाही क्षणभर वाटलं, हे बरंच झालं. अपमानाच्या तळाशी कुठेतरी छाती फुगल्यासारखी झाली. खुद्द लेखिकाच पुरावा. पुढच्या परिषदेत व्यासपीठावर उभी असलेली ती तिला दिसू लागली, मागे मोठ्या पडद्यावर तो राखी स्कार्फ, सभागृहात हशा, मग टाळ्या. मग तिला आईची आठवण झाली. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि आईचा फोन आला नव्हता. रोज सात वाजता यायचा.

तिची आई, पांग माल्सुन, दूर दक्षिणेला कांगजिनच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. साडेतीनशे मुलांचा भात, रस्सा, तीन भाज्या, आणि आठवड्यातून एकदा तळण. तळणाच्या दिवशी ती घरी आली की केसांना, अंगाला, श्वासालासुद्धा तेलाचा वास यायचा, आणि ती रात्रभर खोकायची. तो खोकला अजून गेलेला नव्हता. योंगरान त्याच शाळेत होती. ताट घेऊन रांगेत ती पुढे सरकायची तेव्हा जाळीची टोपी आणि रबरी बूट घातलेली आई इतर मुलांना वाढावं तसंच तिला वाढायची, तोंडातून एक शब्द न काढता. उलट मांसाचा तुकडा तिच्याच ताटात सगळ्यात लहान पडायचा. पोरीला चोरून वाढते असं कुणी म्हणू नये म्हणून. पाचवीत असताना एका मैत्रिणीने विचारलं होतं, ती मागची बाई तुझी कोण? आणि योंगरानने सांगितलं होतं, आमच्या गल्लीतली आहे. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मोठी झाल्यावर मात्र तिने आईला उजेडात आणलं. पहिल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत ‘शाळेत भात शिजवणाऱ्या माझ्या आईस’ असं लिहिलं. व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करायची. लोक डोळे पुसायचे. आई आता सत्तावन्न... नाही, आई आता एकोणऐंशीची होती, सत्तावन्न हे निवृत्त झाली तेव्हाचं वय. योंगरानच्या मनात ती तिथेच थांबलेली होती. आणि हा संप सुरू झाल्यापासून म्हातारी रोज सकाळी समुद्रशेवाळात गुंडाळलेले भाताचे गोळे करून तालुक्याच्या शिक्षण कचेरीसमोर संपावरच्या बायकांच्या तंबूत जाऊन बसत होती. त्यातल्या निम्म्यांना तिनेच हाताखाली घेऊन शिकवलं होतं. त्या तंबूत टीव्ही नसेल, पण फोन सगळ्यांकडे होते.

“मॅडम, ऐकायचं ना?” बोमी म्हणाली, आणि दोघींनी ऐकलं. आधी गाड्यांचा आवाज. वार्ताहर मुलीचा प्रश्न. मग योंगरानचा आवाज, तिला स्वतःला वाटायचा त्याहून जरा जाड. मुलांच्या ताटाला ओलीस धरणं कुणालाच शोभत नाही. मग शांतता. मग : असं आपण सहज म्हणून जातो, कारण ताट आपल्याला दिसतं, ते भरणारे हात दिसत नाहीत. माझी आई एकतीस वर्षं… आणि पुढे सगळं होतं. तेल, धूर, फुप्फुसं, एका बाईमागे दीडशे ताटं, कढईतलं सांडून भाजलेली दंडावरची कातडी. चांगलं बोलली होती. बोमीने डोळे टिपले. “बघितलंत? पुढच्याच वाक्यात तुम्ही ते खोडलंय! किती नीचपणा आहे हा कापणाऱ्यांचा.” योंगरान म्हणाली, “पुन्हा लाव.” बोमीने पुन्हा लावलं. “पुन्हा.” तिसऱ्यांदा ऐकताना योंगरानने डोळे मिटले होते आणि ती शब्द ऐकतच नव्हती. ती शांतता ऐकत होती. वाक्याच्या आधी अर्धा सेकंद. वाक्याच्या नंतर अर्धा सेकंद, किंबहुना जरा जास्तच.

दरवर्षी पहिल्या सत्रात ती एक तास मुलांना बोलायला शिकवायची. तुम्हाला बातमीत यायचं असेल तर वाक्य छोटं करा, ते आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे. सुरुवातीला आणि शेवटी किंचित गप्प राहा. कात्रीला जागा लागते. मुलं हसत आणि लिहून घेत. आणि काल संध्याकाळी, माईक समोर आल्याबरोबर, कुणी न सांगता तिने नेमकं तेच केलं होतं. आपण बातमीत यावं म्हणून. आणि पावणेचार सेकंदांत बसेल असं खटकेबाज वाक्य शोधायला गेल्यावर हाताशी कुठलं आलं, तर सगळ्या चॅनेलांवर आठवडाभर फिरणारं. आईचं वाक्य काही तेवढ्यात बसत नव्हतं, म्हणून ते मागे राहिलं. नंतर सांगू म्हणून. नंतर कुणी थांबतं का? तिलाच ठाऊक होतं थांबत नाही, तिने ते आकड्यांत मांडलेलं होतं. त्या कापणाऱ्याने, कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत बसलेल्या त्या कंटाळलेल्या माणसाने, फक्त जिथे ठिपक्यांची रेघ आखलेली होती तिथे कापलं होतं. योंगरानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गल्लीतली आहे. तेव्हाही असंच झालं होतं, कुणी ढकललं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, समोरच्याला काय ऐकायला बरं वाटेल ते जिभेला आधीच कळलं होतं.

“तक्रारीचा मसुदा दुपारपर्यंत करते,” बोमी म्हणाली. “नको,” योंगरान म्हणाली, “मी आईकडे जातेय.” “आत्ता? अहो, साडेचार तासांचा रस्ता आहे. आणि फोनवर वाजवून दाखवलं तरी…” “बोमी, मी मध्ये थांबले ते तुला ऐकू आलं का?” बोमीने मान तिरकी केली. “श्वास घेतलात ना?” श्वास. म्हणजे कुणालाच ऐकू येणार नव्हतं. ध्वनिमुद्रण हातात होतं, ते लावलं की ती निर्दोष ठरणार होती. बोमीपुढे, परिषदेपुढे, त्या तंबूपुढे. जगात ही गोष्ट ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि ते गप्प बसू शकत होतं.

बसमध्ये तिला झोप लागली नाही. खिडकीबाहेर प्लॅस्टिकने झाकलेली शेतं मागे जात होती आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य आपोआप छोटं, सुटसुटीत आणि कापायला सोपं होत होतं. तिला स्वतःची चीड आली. गर्विष्ठ बाई आहेस तू, तिने स्वतःला सांगितलं, आणि त्यातही थोडा गर्व वाटलाच. कांगजिनच्या बसस्थानकासमोरच्या चौकात नेहमीचे कापडी फलक टांगलेले होते. कुणाचा मुलगा सरकारी परीक्षा उत्तीर्ण, कुणाची नात कुस्तीत दुसरी, गावाकडून हार्दिक अभिनंदन. आणि त्यांच्या मध्ये एक कोरा करकरीत, अजून घड्या न मोडलेला : ‘पांग माल्सुन यांची कन्या, प्रा. गिल योंगरान, देशाच्या बातम्यांत! समस्त गावकरी.’ पावणेचार सेकंदांना चार मीटर कापड. तिने चॅनेलला न सांगितलेलं ‘प्रा.’ गावाने आठवणीने घातलं होतं. ती खाली उभी राहून वाचत राहिली. तिला हसू आलं. ते उतरवावं असं वाटलं, आणि हात पोचला असता तरी उतरवलं नसतं असंही वाटलं.

शिक्षण कचेरीसमोर निळ्या ताडपत्रीच्या तंबूत वीसेक बायका चटईवर बसल्या होत्या आणि मधोमध, पाय पसरून, आई. आईने वर बघितलं. “आलीस? जेवलीस?” ही आईची नेहमीची पहिली दोन वाक्यं. तिच्यापुढे जग बुडालं असतं तरी तिने आधी तेच विचारलं असतं. योंगरान बूट काढून चटईच्या कडेला गुडघ्यांवर बसली. कुणी तिला सरकून जागा दिली नाही. “आई, तू फोन नाही केलास.” “करणार कसा? सकाळपासून ह्या भवान्यांशी भांडतेय.” आईने हाताने सगळ्यांना एकदम दाखवलं. “तो फलक बघितलास? मुखियाने लावलाय. तू काय बोललीस ते त्या बाबाला अजून कळलेलं नाही. टीव्हीवर दिसली, बस, लगेच छापखाना गाठला.” दोन-तीन बायका नाइलाजाने हसल्या. त्यांच्यातली एक हसली नाही. ती योम गुमही, संपाची पुढारी, पन्नाशीची, दंडावर भाजल्याचे चट्टे. “प्राध्यापक बाई,” ती म्हणाली, “तुमच्या आईने सकाळी इथे उभं राहून शपथेवर सांगितलंय, माझी पोर असं बोलणारच नाही म्हणून. आम्ही म्हटलं, मावशी, अहो तोंड हलताना दिसतंय तिचं!”

“तोंड हलेल नाहीतर काय!” आई उसळली. “मी काय म्हटलं? म्हटलं, हे अर्धं आहे. माझ्या पोरीला मी ओळखत नाही का? हिला भात वाढू का विचारलं तर ही भात कुठल्या देशातून आला तिथपासून सुरू करते. हिचं बोलणं चार सेकंदांत संपेल? शेंबूड पुसायला चार सेकंद लागतात हिला!” आता सगळ्याच हसल्या, आणि योंगरान आईकडे बघत राहिली. चौथी शिकलेली, नाकावर चष्मा घसरलेली बाई. तिने कुठलंही ध्वनिमुद्रण न ऐकता, एकही सेकंद न मोजता, बातमी बरोबर वाचली होती. इतका अभिमान योंगरानला मानचिन्ह घेताना वाटला नव्हता. “उरलेलं अर्धं फोनात आहे ना तुझ्या?” आई म्हणाली. “असणारच. लाव की. ह्यांची तोंडं बंद कर एकदाची.” तिने चटईवर हात आपटला. तिने सकाळपासून या बायकांपुढे आपला शब्द गहाण टाकला होता आणि तो सोडवायला लेक आलेली होती.

योंगरानने लावलं. तंबूत एक मिनिट एकावन्न सेकंद कुणी हललं नाही. दंडावरच्या कातडीचं आलं तेव्हा गुमहीने आपल्या दंडावरून हात फिरवला. संपलं तेव्हा कोपऱ्यातून कुणी म्हणालं, “कापणाऱ्याचे हात झडोत.” गुमही गुडघ्यांवर पुढे सरकली आणि जमिनीला हात टेकून म्हणाली, “बाई, माफ करा. मावशी, तुम्हीपण.” आईने हनुवटी वर केली. एकतीस वर्षांत कधी केली नसेल एवढी वर. इथेच थांबता आलं असतं. थांबायला अगदी योग्य जागा होती ती.

“त्यांनी नाही कापलं,” योंगरान म्हणाली. “म्हणजे त्यांनी कापलं, पण मी कापून दिलं. ते पहिलं वाक्य मी टीव्हीवर यावं म्हणून बोलले. मला ते शिकवता येतं, मी पोरांना शिकवते ते, की बातमीत यायचं असेल तर काय बोलायचं आणि बोलून झाल्यावर किती वेळ गप्प राहायचं. मी तशी गप्प राहिले. मला ठाऊक होतं की ते घेतलं तर एवढंच घेतील आणि आईचं मागे राहील, म्हणजे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण बावीस वर्षं ठाऊक आहे, आणि तरी मी आईचं मागे ठेवलं. आणि हे पहिल्यांदा नाही केलेलं मी. इथल्या शाळेत मला कुणी विचारलं होतं की भात वाढणारी ती बाई कोण, तर मी सांगितलं गल्लीतली आहे. मी तक्रार टाकणार नाही. त्या चॅनेलला लिहीन ते हे असंच लिहीन, आणि माझ्या पुस्तकात सगळा दोष कात्रीचा म्हटलंय तेही बदलून लिहावं लागेल.” एवढं लांबलचक ती एका दमात बोलली, मध्ये कुठेही न थांबता, आणि शेवटी तिला खरोखरच श्वास घ्यावा लागला.

गुमहीचा हात जमिनीवरच राहिला होता, तो तिने उचलून घेतला. “म्हणजे तुम्ही ते म्हणालातच,” ती हळू म्हणाली. “हो.” गुमहीने आईकडे बघितलं, सगळ्यांनीच बघितलं. आईची हनुवटी खाली आली होती. ती चष्म्याची काच पदरासारख्या लोंबणाऱ्या ओढणीच्या टोकाने पुसत होती, आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. खोकल्याची एक उबळ आली, ती तिने जाऊ दिली. योंगरानला वाटलं, आता ही उठेल आणि एकटी घरी चालू लागेल, आणि मी मागून जायचं की नाही हेसुद्धा मला कळणार नाही.

“गल्लीतली,” आई म्हणाली. “ते मला तेव्हाच कळलं होतं. रांगेतलं सगळं ऐकू यायचं आम्हाला.” तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गुमहीकडे, मग एकेकीकडे, नजर फिरवली. “बघता काय अशा? म्हटलं नव्हतं मी, हे अर्धंच आहे म्हणून? उरलेलं अर्धं सांगायला साडेचार तास बसमध्ये बसून आलीय माझी पोर. तुमच्या कुणाच्या पोरीने सांगितलं असतं? सरका जरा, बसू दे तिला.”

गुमही सरकली. मग तिच्या शेजारची सरकली.